परवानगी आहे, धावपट्टी आहे, विमान कुठे आहे?

मा. संपादक,
स. न.

जगातल्या विमान कंपन्यांचे प्रमुख आशियाकडे कसे वळले आहेत, हा कालच्या अंकातला अर्ध्या पानाचा लेख वाचला. लेखातल्या आकड्यांबद्दल माझी तक्रार नाही. ‘आयाटा’ या जगभरच्या विमान कंपन्यांच्या संघटनेची वार्षिक सभा 1983 नंतर थेट जून 2025 मध्ये दिल्लीत भरली, इंडिगोने 2023 साली एकाच वेळी 500 विमाने मागवली, एअर इंडियाने त्याच वर्षी 470, हे सगळे खरे आहे. पण एवढ्या मोठ्या लेखात दिल्ली, मुंबई, दुबई आणि सिंगापूर सोडून एकाही गावाचे नाव नाही. आशियातला प्रवासी या चार ठिकाणांपलीकडे कुठे जातच नाही का?

मी संभाजीनगरात पर्यटक मार्गदर्शक आहे. मागच्या हिवाळ्यात थायलंडहून आलेला वीस-बावीस जणांचा गट माझ्याकडे होता. बहुतेक जण साठीच्या पुढचे, सोबत दोन भिक्खू. शनिवारी सकाळी बँकॉकहून मुंबईला वेळेत उतरले. संध्याकाळच्या विमानाने इकडे यायचे, रविवारी अजिंठा, सोमवारी वेरूळ आणि मंगळवारी सकाळी दिल्लीमार्गे गयेला जायचे, असे ठरले होते. हा क्रम आम्ही उगाच लावत नाही. अजिंठा सोमवारी बंद असतो, वेरूळ मंगळवारी. मुंबईत बोर्डिंग पास हातात पडल्यावर विमान रद्द झाल्याचे सांगितले गेले. कारण काय, तर ‘ऑपरेशनल’. दुसऱ्या दिवशी संध्याकाळच्या विमानात जागा देऊ, म्हणाले. त्यांच्या टूर लीडरने बसची खटपट केली, पण आत गेलेले सामान परत मिळेपर्यंत मध्यरात्र झाली आणि त्या वेळी एवढ्या माणसांना नेणारी गाडी मिळेना.

बँकॉकहून मुंबईला यायला त्यांना चार-साडेचार तास लागले, मुंबईहून संभाजीनगरला यायला दीड दिवस. रविवारी रात्री ते चिकलठाण्याला, म्हणजे आमच्या विमानतळावर, उतरले तेव्हा अजिंठा त्यांच्या हातून गेला होता. सोमवारी आम्ही वेरूळ पाहिले. तिथे एक आजी टूर लीडरकरवी मला पुन्हा पुन्हा विचारत होत्या, निदान लांबून तरी अजिंठा दिसेल का? शंभर किलोमीटर जाऊन बंद फाटक पाहून या, असे मी त्यांना कोणत्या तोंडाने सांगणार होते? या वयात त्या पुन्हा येणार नाहीत, हे त्यांनाही कळत होते आणि मलाही. कंपनीने तिकीट दुसऱ्या दिवसाचे करून दिले आणि तिच्या लेखी विषय संपला.

एका कंपनीचा एक वाईट दिवस, असे म्हणून हे सोडून देता येणार नाही. थायलंडच्या माणसाला अजिंठ्याला यायचे तर मुंबई किंवा दिल्लीत उतरून विमान बदलावेच लागते, खरे दुखणे ते आहे. आणि ते विमान बदलण्याची गरजच नाही, ही गोष्ट कालच्या लेखात यायला हवी होती. वाजपेयी पंतप्रधान असताना, 2003 मध्ये, भारताने आसियान, म्हणजे थायलंडसह आग्नेय आशियातल्या देशांच्या गटातल्या, विमान कंपन्यांना 18 पर्यटनस्थळे खुली करून दिली. महानगरांना फेऱ्यांची मर्यादा ठेवली, पण या 18 ठिकाणी हव्या तितक्या फेऱ्या करा, असे सांगितले. त्या यादीत गया आहे, वाराणसी आहे, गोवा आहे, अमृतसर आहे आणि औरंगाबादही आहे. परवानगी मिळून वीस वर्षे उलटली. थंडीच्या हंगामात गयेला बँकॉकहून थेट विमान येते. आमच्याकडे परदेशातून येणारी एकही नियमित सेवा नाही.

धावपट्टीचे कारण कुणी देऊ नये. इंडिगोने मागवलेली ती 500 विमाने एअरबस ए-320 याच घराण्यातली आहेत. त्या जातीची विमाने चिकलठाण्याला रोज उतरतात आणि तीच विमाने भारतातून बँकॉकलाही जातात. हज यात्रेची विमानेही इथून सुटलेली आहेत, म्हणजे मनात आणले तर इमिग्रेशन आणि कस्टम्सची माणसे इथे बसवता येतात. राहिला प्रश्न आसने भरण्याचा. बारा महिने भरणार नाहीत, हे आम्हालाही कळते. आम्ही नोव्हेंबर ते फेब्रुवारी मागतो आहोत, आठवड्यातून दोन फेऱ्या, तेही गया किंवा वाराणसीला जोडून चालेल.

पण हे ऐकून घ्यायला कुणी इथवर येत नाही. दुबईच्या एमिरेट्स विमान कंपनीचे प्रमुख टिम क्लार्क भारताकडे जादा आसने मागत असतात, कारण भारत-दुबई करारात ठरलेली आठवड्याची सुमारे 66 हजार आसने त्यांना पुरत नाहीत. आपल्या कंपन्या त्याला विरोध करतात, कारण त्यांना दिल्ली-मुंबईतूनच जगभर जायचे आहे. दोन्ही बाजूंचा हिशेब मला समजतो. मात्र जिथे आसियानच्या विमानांना मर्यादाच नाही अशा शहराबद्दल दोघेही बोलत नाहीत, आणि आपल्या लेखकालाही त्याबद्दल कुणाला विचारावेसे वाटले नाही. आशियाशी नाते जोडायचे म्हणता, तर दोन हजार वर्षांपूर्वीच्या बौद्ध लेण्यांपाशी आशियाची माणसे स्वतःहून यायला तयार आहेत. त्यांना थेट आणा, एवढेच आमचे म्हणणे आहे. नाहीतर 2021 मध्ये कुशीनगरला झाले तसे होईल. तिथल्या नव्या विमानतळाच्या उद्घाटनाला श्रीलंकेहून भिक्खूंचे विमान आले, फोटो निघाले, आणि पुढे नियमित परदेशी सेवा काही उभी राहिली नाही.

आणखी एक गोष्ट लिहिल्याशिवाय राहवत नाही, ती मात्र विमान कंपन्यांची नाही, आपल्या राज्य सरकारची आहे. जपानच्या कर्जातून फर्दापूरच्या टी-पॉइंटजवळ अजिंठ्याचे अभ्यागत केंद्र बांधले. त्यात 1, 2, 16 आणि 17 क्रमांकाच्या लेण्यांच्या प्रतिकृती केल्या. वीज आणि पाण्याची बिले थकली म्हणून या केंद्राला टाळे लागले! लेणी बंद असलेल्या सोमवारी त्या आजींना निदान प्रतिकृती दाखवता आल्या असत्या. कोट्यवधींची इमारत आणि बिल भरायला पैसे नाहीत, याचा जाब आपल्या वृत्तपत्राने विचारायला हवा.

तेव्हा विनंती अशी की आपल्या वार्ताहराला एकदा चिकलठाण्याला आणि तिथून फर्दापूरला पाठवा. त्याने विमानतळ संचालकांना, पर्यटन विभागाला आणि विमान कंपन्यांच्या मुंबईतल्या कार्यालयांना एकच प्रश्न विचारावा: 18 ठिकाणांच्या त्या यादीतल्या या शहरासाठी तुम्ही आजवर काय केले? जी उत्तरे मिळतील ती नावानिशी छापा. वार्ताहराला लागेल ती माहिती द्यायला आम्ही इथले मार्गदर्शक तयार आहोत.

आपली,
एक पर्यटक मार्गदर्शक,
छत्रपती संभाजीनगर