टक्क्याच्या चिन्हासाठी, ताई, तुमचे आभार

ताई, सप्रेम नमस्कार.

जुन्या राजपत्रांच्या स्कॅनिंगच्या कामावर मी नवीन होतो, तेव्हाची गोष्ट. हजारो फाइलींच्या नावातलं शेवटचं ‘.टिफ’ काढून तिथे विभागाचा क्रमांक जोडायचा होता. मी लूप लिहिला, म्हणजे तेच काम प्रत्येक फाइलीवर करणारी आज्ञा, प्रत्येक नाव सेडकडे (मजकूर शोधून बदलणारा प्रोग्राम) ‘.टिफ’ काढायला पाठवलं आणि एंटर दाबलं. सगळी नावं रोमन लिपीत होती. त्यातल्या ‘नोटिफिकेशन’ने सुरू होणाऱ्या फाइली पाहता पाहता ‘निकेशन’ झाल्या, आणि शेवटचं टिफ मात्र जागच्या जागी. माझे हातपाय गार पडले.

तुम्ही खुर्ची ओढून शेजारी बसलात आणि पहिलंच वाक्य बोललात, “आता कशालाही हात लावू नकोस, आधी नावं वाच.” मग नोटिफिकेशनचं स्पेलिंग कागदावर लिहायला लावलंत. एन, ओ, टी, आय, एफ. रेग्युलर एक्स्प्रेशनमध्ये, म्हणजे सेडला शोधायला दिलेल्या नमुन्यात, डॉट म्हणजे कुठलंही एक अक्षर, तेव्हा त्याला ‘ओ’ चालला. पुढचं टी-आय-एफ तर हजरच होतं. सेडने पहिली जुळणी सापडल्यावर तेवढीच उडवली. यंत्राने मी सांगितलं तेच केलं होतं, हे मला त्या कागदावर कळलं.

सेडची चूक दुरुस्त करून तुम्ही उठू शकला असता. त्याऐवजी हे काम शेल, म्हणजे आपण टाइप केलेल्या आज्ञा चालवणारा प्रोग्राम, स्वतःच करतो, हे तुम्ही दाखवलंत. महिरपी कंसात व्हेरिएबलचं (ज्यात फाइलीचं नाव साठवलंय त्याचं) नाव, पुढे % आणि त्यापुढे ‘.*’. इथे डॉट म्हणजे नुसता डॉट, आणि स्टार म्हणजे काहीही, कितीही. हॅश पुढून कापतो, टक्का मागून. माझा गोंधळ व्हायचा, तेव्हा तुम्ही माझं बोट कीबोर्डवर ठेवलंत: 3 वर #, 4 वर $, 5 वर %. डॉलरच्या डावीकडचा पुढून, उजवीकडचा मागून. अजूनही टाइप करताना बोट आधी 4 वर जातं.

एक चिन्ह म्हणजे कमीत कमी, दोन म्हणजे जास्तीत जास्त, हे तर तुम्ही माझ्याकडून मराठीत म्हणवून घेतलंत. “मागून, कमीत कमी, डॉटपासून पुढचं काढ.” आमच्या नावांत तारखा होत्या, ‘1962.05.10’ अशा. मी % हे चिन्ह दोनदा लिहिलं असतं, तर पहिल्या डॉटपासून सगळं जाऊन 1962 च्या प्रत्येक नोटिफिकेशनचं नाव एकच झालं असतं आणि एमव्हीने, म्हणजे फाइलीचं नाव बदलणाऱ्या आज्ञेने, फाइलीवर फाइल चढवली असती. म्हणूनच तुम्ही प्रथम एमव्हीच्या आधी इको लावून नुसती नावं छापायला सांगितलीत, आणि नंतरही एका फाइलीवर दुसरी चढू न देणारं ‘-एन’ सोडू दिलं नाहीत.

बिघडलेली नावंही शेलनेच सुधारली. हॅशने पुढून ‘निकेशन’ काढलं, जागी ‘नोटिफिकेशन’ लावलं. प्रत्येक नावासाठी सेडची वेगळी प्रोसेस सुरू होत नव्हती, त्यामुळे लूपही झरझर संपला.

सर्व्हरवरच्या डॅश नावाच्या शेलमध्ये तिरप्या रेघांमध्ये जुना-नवा शब्द देऊन बदलणं चाललं नाही, ‘बॅड सबस्टिट्यूशन’ आलं. # आणि % पॉझिक्स या शेलच्या मानकात आहेत, ते चालतात. तिरप्या रेघांसाठी बॅशसारखा दुसरा शेल लागतो, एवढं सांगून तुम्ही पुढे गेलात.

आता आमच्याकडे देवनागरी नावांच्या फाइलीही येतात. परवा ‘पुणे’ या शब्दावर टक्का आणि प्रश्नचिन्ह लावून पाहिलं: उरलं ‘पुण’. मात्रा गेली, ण राहिला. युनिकोडमध्ये मात्रा हे वेगळं चिन्ह असतं आणि प्रश्नचिन्ह तेवढं एकच चिन्ह धरतं. मला अर्धा तास इतका आनंद झाला होता, की वाटलं, हे ताईंना दाखवायलाच हवं. तुम्ही नक्की विचारलं असतं, “मग जोडाक्षराचं काय?” तेही करून पाहिलं. ‘किल्ला’ची लांबी शेल 6 सांगतो.

त्या दिवशी तुम्ही रात्री नऊपर्यंत थांबलात. घरी जायची शेवटची एसटी चुकली आणि तुम्ही मैत्रिणीकडे राहिलात, हे मला दुसऱ्या दिवशी दुसऱ्याच कुणाकडून कळलं. तेव्हा लाजेने काही बोललो नाही. त्या रात्रीचे आभार राहिले होते, ताई. मनापासून आभार.

तुमचा,
राजपत्र विभागातला स्कॅनिंगचा मुलगा