मंगलला पत्र

एडिसन, न्यू जर्सी

प्रिय मंगल,

परवा तुझा फोन आला तेव्हा मी आईंच्या खोलीत होते, म्हणून तुटक बोलले. “सासूबाईंना म्हाताऱ्यांच्या नर्सिंग होममध्ये ठेवलंत?” असं तू तोंडाने विचारलं नाहीस, पण मला ऐकू आलं गं. खुब्याचं हाड मोडलं, ऑपरेशन झालं, आणि आमच्या घरातल्या जिन्यापुढे कुणाचंच काही चालेना.

पहिले 20 दिवस मेडिकेअरने, म्हणजे इथल्या म्हाताऱ्यांच्या सरकारी आरोग्य विम्याने, सगळं दिलं. मग 100 दिवसांपर्यंत रोजचा वाटा आपला. त्यानंतर पदरची पुंजी, आणि ती आटली की मेडिकेड, म्हणजे हातात पैसा नसलेल्यांचा सरकारी विमा. नर्सिंग होममधल्या दहातल्या सहा जणांची हीच वाट. पूर्वी अर्जाला उशीर झाला तरी मागच्या तीन महिन्यांचं बिल मेडिकेड भरायचं. 2025च्या जुलैत झालेल्या कायद्याने जानेवारी 2027पासून ते दोनच महिने. अर्जासाठी बँकेचे पाच वर्षांचे कागद गोळा करता करता आमचेच तीन महिने गेले. म्हणजे पुढे अशा घराला एका महिन्याचा खड्डा पडणार, आणि इथला महिना हजारो डॉलरचा असतो.

पण मला खरी चीड दुसऱ्या गोष्टीची. रात्री आई बेल दाबतात आणि वाट बघतात. 2024मध्ये केंद्र सरकारने नियम केला होता: प्रत्येक रहिवाशामागे दिवसाला 3.48 तासांची शुश्रूषा, आणि नोंदणीकृत नर्स चोवीस तास हजर. आधी नर्स आठच तास सक्तीची. एप्रिल 2025मध्ये टेक्सासच्या न्यायाधीशांनी त्यातला मोठा भाग रद्द केला. जुलैच्या कायद्याने अंमलबजावणी 2034पर्यंत लांबवली. मी बोटांवर मोजलं, आई तेव्हा 94च्या होतील! डिसेंबरात सरकारने नियमच काढून टाकला. मोजायचं कामच उरलं नाही.

नर्सिंग होमांचे मालक म्हणतात माणसं मिळत नाहीत, खेड्यात तर नाहीतच. ते अगदीच खोटं नाही. न्यू जर्सीचा स्वतःचा कायदा आहे, रात्री चौदा जणांमागे एक माणूस, म्हणून आम्ही त्यातल्या त्यात बरे. आमच्या मजल्यावरची हैतीची बाई आईंना ‘ममा’ म्हणते आणि त्यांची वेणीही घालते. चौदा जणांत तिला वेणीला वेळ कुठून मिळतो, देव जाणे.

नर्सिंग होममधल्या माणसांच्या हक्कांचा 1987चा कायदा मात्र अजून शाबूत आहे, आणि तोच आमच्या कामी आला. दाखल करताना ऑफिसातल्या बाईंनी एक कागद पुढे सरकवला: बिल थकलं तर मुलगा स्वतःच्या खिशातून भरेल. ह्यांनी पेन उचललंसुद्धा. मी म्हटलं, थांबा, वाचू दे. नातेवाइकाची अशी हमी मागून प्रवेश अडवायला कायद्याने बंदी आहे. हे सांगितल्यावर बाई हसल्या आणि कागद फाइलीत ठेवून दिला. नुसता ठेवून दिला बघ, फाडला नाही.

गुरुवारी केअर प्लॅनची, म्हणजे आईंची काळजी कशी घ्यायची ते ठरवायची, बैठक आहे. आई रात्री उठतात, म्हणून पलंगाला दोन्हीकडून कठडे लावायचं म्हणतायत. कर्मचाऱ्यांच्या सोयीसाठी माणसाला जखडून ठेवता येत नाही, हेही त्याच कायद्यात आहे. मी ‘नाही’ म्हणणार आहे, आणि रात्री कोण लक्ष ठेवणार ते लिहून मागणार आहे.

कुणी इकडे येणारं असलं तर मेतकूट पाठव. मऊ भात मिळतो गं, पण नुसता त्यांच्या घशाखाली उतरत नाही.

तुझी,
सुमी