स्ट्रेन किती, एवढेच पुरत नाही

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

आपल्या विज्ञान पुरवणीतील मँगनाइटवरच्या (मँगनीजच्या ऑक्साइडवरच्या) लेखाने ‘थर ताणला की चार्ज ऑर्डरिंग मोडते’ एवढ्यावर विषय उरकला आहे. थर म्हणजे दुसऱ्या स्फटिकावर, सबस्ट्रेटवर, वाढवलेला पातळ पापुद्रा; चार्ज ऑर्डरिंग म्हणजे वेगवेगळ्या भारांच्या आयनांची ठराविक मांडणी. हे अर्धेच खरे. किती ताणला (म्हणजे स्ट्रेन किती) याइतकेच कोणत्या दिशेने जखडला, हेही पाहावे लागते.

निओडिमियम आणि स्ट्रॉन्शियम निम्मे-निम्मे असलेले मँगनाइट घ्या. त्याचा सुटा स्फटिक साधारण २५५ केल्विनखाली चुंबकीय धातू असतो. १६० केल्विनच्या आसपास रोध एकाएकी कित्येक पटींनी उसळतो. मँगनीजचे +३ आणि +४ आयन बुद्धिबळाच्या पटावरच्या घरांसारखे आळीपाळीने बसतात, +३ वरच्या जादा इलेक्ट्रॉनची लांबट ऑर्बिटल्स (इलेक्ट्रॉनची वावरक्षेत्रे) नागमोडी ओळीत लागतात, आणि त्यासाठी अणूंच्या जाळीलाही आकार बदलावा लागतो. गोम इथेच आहे. सबस्ट्रेट म्हणून घेतलेल्या स्ट्रॉन्शियम टायटॅनेटच्या (००१) पृष्ठावर, म्हणजे घनाच्या सपाट बाजूवर, वाढवलेल्या थराच्या दोन्ही आडव्या बाजू ३.९०५ अँगस्ट्रॉमच्या (अँगस्ट्रॉम म्हणजे मिलिमीटरचा एक कोटीवा भाग) चौकोनात अडकतात. जाळीला हलायला जागाच नाही, त्यामुळे ते ठळक स्थित्यंतर दिसत नाही. तोच पदार्थ (०११) पृष्ठावर, म्हणजे घनाच्या तिरप्या कापावर, वाढवा: घनाचे दोन अक्ष पृष्ठाशी ४५ अंशांत कलतात, जाळी तिरपी सरकू शकते आणि स्थित्यंतर थरातही परत येते. सबस्ट्रेट तोच, फक्त काप वेगळा.

लँथनम-स्ट्रॉन्शियम निम्मे-निम्मे असलेल्या मँगनाइटात चित्र सरळ आहे. लँथनम ॲल्युमिनेटवर (३.७९ अँगस्ट्रॉम) थर आडवा दाबला जाऊन उभा वाढतो आणि इलेक्ट्रॉन उभ्या ऑर्बिटलमध्ये जातो, टायटॅनेटवर ताणला की आडव्या, पसरट ऑर्बिटलमध्ये. दोन्हीकडे प्रतिलोहचुंबकत्व (अणूंची चुंबकत्वे एकमेकांना रद्द करणारी मांडणी) येते, पण वेगवेगळ्या मांडणीचे.

मात्र स्ट्रेनला दोष देण्याआधी ऑक्सिजन तपासावा. तो कमी पडला की +४ चे प्रमाण घटते, जाळी फुगते, उभा अक्ष लांबतो, आणि हे हुबेहूब आडव्या दाबासारखे दिसते. थर ऑक्सिजनमध्ये पुन्हा तापवून उभे अंतर मोजावे. ते घटले तर बरीचशी वाढ ऑक्सिजनच्या उणिवेची होती. नेहमीचे क्ष-किरणांचे थीटा–टू थीटा स्कॅन फक्त उभे अंतर सांगते. आडव्यासाठी (१०३) या तिरप्या परावर्तनाभोवतीचा रेसिप्रोकल स्पेस मॅप (क्ष-किरणांच्या परावर्तनांचा नकाशा) हवाच: थराचा ठिपका सबस्ट्रेटच्या ठिपक्याशी उभ्या रेषेत असेल तर थर जखडलेला, बाजूला सरकला असेल तर सैलावलेला. जाड थर सैलावतातच. शिवाय टायटॅनेटची स्वतःची जाळी १०५ केल्विनला बदलते. तिथे आलेखात बाक दिसला तर तो थराचाच, असे लगेच धरू नये.

लेखातल्या आलेखाखाली थराची जाडी नाही, सबस्ट्रेटचे पृष्ठ नाही, ऑक्सिजनचा दाबही नाही. या तीन गोष्टी दुरुस्तीत छापाव्यात, ही विनंती.

कळावे,
एक वाचक, पुणे