ताटाशेजारी बसणारी मावशी: आरोग्यमंत्र्यांना खुले पत्र

मा. सार्वजनिक आरोग्यमंत्री, महाराष्ट्र राज्य, यांस

महोदय,
सविनय नमस्कार.

अ‍ॅनोरेक्झियाची, म्हणजे वजन वाढण्याच्या भीतीने खाणे सोडायला लावणाऱ्या मानसिक आजाराची, मुलगी वॉर्डात दाखल होते तेव्हा तिचे पहिले औषध म्हणजे जेवण. ते दिवसातून पाच-सहा वेळा देतात सिस्टर आणि मावशी. हे काम त्यांना रीतसर शिकवा, एवढीच आमची मागणी आहे.

घाई जिवावर बेतते. फार दिवस उपाशी असलेल्या शरीराला एकदम पोटभर खाऊ घातले की इन्शुलिन वाढते, फॉस्फेट, पोटॅशियम, मॅग्नेशियम रक्तातून पेशींत ओढले जाते आणि हृदयाची लय बिघडते. हा धोका पहिल्या काही दिवसांत सर्वाधिक. म्हणून आधी थायमिन (ब-1 जीवनसत्त्व) द्यायचे, रोज फॉस्फेट तपासायचे. अतिजोखमीच्या रुग्णाला सुरुवातीला वजनाच्या किलोमागे दिवसाला 10 ते 20 कॅलरी, म्हणजे 35 किलोच्या मुलीला 350 ते 700. मात्र भीतीपोटी तिथेच थांबायचे नाही. रिपोर्ट ठीक असतील तसा आहार वाढवायचा, नाहीतर वजन आणखी घटते.

खरी कसोटी ताटाशी लागते. पोळीचे तूप ओढणीला पुसले जाते, भाजी वाटीखाली दडते, भात नुसता चिवडला जातो. मावशीने समोर उभे राहून पहारा देऊ नये. शेजारी बसावे, जमल्यास स्वतःही जेवावे, गप्पा माराव्यात, पण कॅलरी-वजनाच्या नकोत. जेवणाला अर्धा तास. उरले तर तेवढ्याच ऊर्जेचे पेय, न रागावता. नंतर तासभर सोबत, कारण उलटी करायची ऊर्मी तेव्हाच अनावर होते. आणि ‘अंगाने भरलीस हो!’ हे कौतुक कृपया कुणी करू नये. त्या मुलीला ते ‘जाड झालीस’ असेच ऐकू येते.

वजन सकाळी, लघवीनंतर, हलक्या गाऊनमध्ये करावे. आधी भरपूर पाणी पिऊन काटा फसवला जातो, आणि त्याने रक्तातले सोडियमही घसरू शकते.

सगळा वॉर्ड सांभाळणारी एकटी सिस्टर एका ताटाशी अर्धा तास बसणार कशी? मानसिक आरोग्य सेवा अधिनियम, 2017 मानसिक आजाराला शारीरिक आजाराच्या बरोबरीने उपचार द्यायला सांगतो. तेव्हा जेवणाच्या वेळांसाठी वेगळे मनुष्यबळ मंजूर करा, प्रत्येक जिल्हा रुग्णालयात फॉस्फेटचा रिपोर्ट त्याच दिवशी मिळेल अशी सोय करा आणि प्रशिक्षणात मावशींना सिस्टरांच्या बरोबरीने बसवा.

आपले,
आहारविकारांच्या रुग्णांसोबत काम करणारे परिचारिका, आहारतज्ज्ञ व समुपदेशक