मत्स्यालयातल्या मार्गदर्शक ताईंना

ताई, सप्रेम नमस्कार.

सहलीच्या शेवटच्या दिवशी मत्स्यालयात येणाऱ्यांच्या हातात बॅगा असतात आणि लक्ष घड्याळाकडे. अशा घाईत आलेल्या आम्हा सगळ्यांना तुम्ही आधी शांत केलंत आणि मग दोन तासांत काय, कसं पाहायचं ते कारणांसकट सांगितलंत. त्याबद्दल मनापासून आभार.

सामानाचं तर तिकिटाआधीच विचारून घ्यावं. लॉकर बहुधा लहान असतात, मोठी बॅग मावत नाही. आणि एकदा बाहेर पडलं की त्याच तिकिटावर पुन्हा आत घेतीलच असं नाही. गाडीच्या वेळेपासून उलटं मोजत यायचं: स्टेशन गाठणं, सामान सोडवायची रांग, खाणंपिणं. उरला तो वेळ माशांचा.

खरं मोल आहे ते तुम्ही लावून दिलेल्या क्रमाचं. अंधारी दालनं शेवटी ठेवायची, कारण उन्हातून आलेल्या डोळ्यांना अंधाराला नीट सरावायला 20 ते 30 मिनिटं लागतात. आल्या आल्या निशाचर माशांच्या टाकीपाशी जाणाऱ्यांना ती रिकामीच वाटते. आणि मधेच फोनचा उजेड डोळ्यांवर पडला, की सरावलेली नजर पुन्हा गेली! मोठ्या टाकीत खाणं टाकायच्या वेळी सगळी गर्दी तिकडे लोटते, तेव्हा लहान टाक्या निवांत पाहून घ्याव्यात हेही तुमचंच सांगणं. समुद्रघोडा गवताला शेपटी गुंडाळून निश्चल असतो, तो अशा निवांतपणातच सापडतो. पोटाशी पिशवी दिसली तर तो नर. अंडी तोच सांभाळतो.

जेलीफिशची टाकी गोल का, हेही तुमच्यामुळे कळलं. कोपरे असले तर ते तिथे अडकतात, भिंतीला घासून फाटतात. म्हणून पाणी सतत गोल फिरतं ठेवावं लागतं.

फोटो काढताना फ्लॅश बंदच हवा. बहुतेक माशांना पापण्या नसतात, डोळे मिटून घेता येत नाहीत. शिवाय तो उजेड काचेवरून उलटून फोटोत पांढरा डाग उमटतो. कॅमेरा काचेच्या अगदी जवळ आणि सरळ समोर धरावा. तिरपा धरला की काचेसारख्या जाड अ‍ॅक्रिलिक प्लास्टिकमधून मासा ताणलेला दिसतो आणि कडांना रंग सुटतात.

हात लावायच्या कुंडाजवळ तर तुमची प्रत्येक सूचना पाळण्यासारखी. आधी हात साध्या पाण्याने खळखळून धुवायचे, कारण क्रीम आणि सॅनिटायझर कुंडात उतरतं. मग ओल्या हाताची दोनच बोटं, वरून, हलकेच. तारामासा उचलायचा नाही: त्याचे नळीसारखे बारीक पाय दगडाला घट्ट धरून असतात आणि ओढले की तुटतात. मुलांना हे न ओरडता, त्यांच्या शेजारी बसून समजावता, त्याबद्दल आभार वेगळे.

आपले,
शेवटच्या दिवशी आलेले प्रवासी