त्यांना अडथळेबाज म्हणू नये

महोदय,

रविवारच्या पुरवणीतील अमेरिकेच्या राज्यघटनेवरील लेखात घटनेच्या मंजुरीला विरोध करणाऱ्या पॅट्रिक हेन्री आणि जॉर्ज मेसन यांची ‘अडथळेबाज’ या एकाच विशेषणात बोळवण झालेली पाहून अतिशय वाईट वाटले. घटनेपूर्वीच्या जुन्या संघव्यवस्थेत केंद्राला कर बसवण्याचा अधिकार नव्हता आणि १७८२ मध्ये एकट्या ऱ्होड आयलंडच्या नकारामुळे आयात कराचा प्रस्ताव बारगळला, हे लेखकाने मांडले ते योग्यच आहे. परंतु राज्यांचे कायदे रद्द करण्याचा अधिकार राष्ट्रीय कायदेमंडळाला असावा, असा आग्रह १७८७ मध्ये फिलाडेल्फियातील घटना परिषदेत खुद्द घटनेचे प्रमुख शिल्पकार जेम्स मॅडिसन यांनी धरला होता, ही गोष्ट वगळली की केंद्र राज्यांचे अधिकार गिळेल ही विरोधकांची भीती निराधार ठरवणे सोपे जाते.

राज्यांच्या मंजुरी परिषदांत मॅसॅच्युसेट्समध्ये १८७ विरुद्ध १६८, व्हर्जिनियात ८९ विरुद्ध ७९ आणि न्यूयॉर्कमध्ये अवघ्या ३० विरुद्ध २७ मतांनी घटना मंजूर झाली. मॅसॅच्युसेट्सने मंजुरीसोबत सुचवलेली पहिलीच दुरुस्ती, केंद्राला स्पष्टपणे न दिलेले अधिकार राज्यांकडे राहावेत, अशी होती. या रेट्यामुळेच मॅडिसन यांना १७८९ मध्ये दुरुस्त्या मांडाव्या लागल्या. ‘स्पष्टपणे’ ही अट तेव्हा गळाली, आणि १८१९ मध्ये सरन्यायाधीश जॉन मार्शल यांच्या सर्वोच्च न्यायालयाने घटनेत कुठेही उल्लेख नसलेली राष्ट्रीय बँक वैध ठरवली. विरोधकांनी १७८८ मध्ये दिलेला इशारा तो हाच.

मी कनिष्ठ महाविद्यालयात राज्यशास्त्र शिकवत असताना माझ्या एका विद्यार्थिनीने, केंद्राला न दिलेले अधिकार राज्यांकडे वा जनतेकडे ठेवणारी दहावी घटनादुरुस्ती ही विरोधकांच्या दबावाची देणगी आहे, असे परीक्षेत लिहिले होते. तपासनिसांनी त्या परिच्छेदावर लाल शाईने आडवी रेघ मारून ‘अनावश्यक’ असा शेरा दिला. पुनर्मूल्यांकनाचा अर्ज आम्ही केला, त्याचे ‘गुणांत बदल नाही’ एवढेच छापील उत्तर आले. त्या मुलीचा हिरमुसलेला चेहरा मला अजून आठवतो, आणि तीच चूक आपल्यासारख्या जबाबदार दैनिकाने लाखो वाचकांपुढे ठेवावी, याचा संताप येतो.

लेखासोबतच्या चौकटीत घटनेच्या समर्थनार्थ लिहिलेल्या ‘फेडरलिस्ट’ या लेखमालेचे सर्व ८५ लेख अलेक्झांडर हॅमिल्टन यांच्या नावावर टाकले आहेत. त्यांत मॅडिसन आणि जॉन जे यांचेही लेख आहेत. याची दुरुस्ती त्याच पुरवणीत, त्याच आकारात छापावी, आणि विरोधकांची बाजू मांडणारा स्वतंत्र लेखही द्यावा, ही विनंती.

आपला,
एक निवृत्त प्राध्यापक