निर्लेखनाआधी तीन संगणक बाजूला काढावेत

मा. संपादक महोदय,

मायक्रोसॉफ्टने १४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १० चा नेहमीचा आधार थांबवल्यापासून, विंडोज ११ च्या अटींत न बसणारे इंटेलच्या सहाव्या-सातव्या पिढीचे संगणक अनेक महाविद्यालयांत निर्लेखनाच्या, म्हणजे नोंदीतून कमी करून भंगारात काढण्याच्या, यादीत जाऊ लागले आहेत. या पिढीतील आय-फाइव्ह प्रोसेसरांत आभासीकरणाची, म्हणजे एका संगणकावर अनेक आभासी यंत्रे चालवण्याची, सोय असते आणि ती वापरणारे केव्हीएम लिनक्सच्या गाभ्यात (कर्नलमध्ये) २००७ पासून समाविष्ट आहे. त्यामुळे अशा तीन संगणकांवर प्रॉक्समॉक्ससारखी, आभासी यंत्रे सांभाळणारी मुक्त प्रणाली बसवून, परवान्याचा खर्च न करता, विद्यार्थ्यांसाठी खासगी (संस्थेच्याच यंत्रांवर चालणाऱ्या) क्लाउडची छोटी चाचणी-प्रयोगशाळा उभी करता येते.

तीन हा आकडा अनुभवातून आलेला आहे. मी प्रयोगशाळा सांभाळतो. आम्ही प्रथम दोनच संगणक जोडले होते. अशा जोडणीत निम्म्याहून अधिक यंत्रे चालू असली तरच काम पुढे जाते; एक बंद पडताच उरलेल्याला हे बहुमत मिळेना आणि त्यावर आभासी यंत्र सुरू होईना, तेव्हा दिवसभर आम्ही केबललाच दोष देत बसलो होतो.

जुन्या मदरबोर्डवरील नाण्याएवढा सेल आधी बदलावा. तो संपलेला असला की वीज गेल्यावर तारीख मागे जाते, आणि बायॉसमध्ये (संगणकाच्या मूळ सेटिंगमध्ये) मुद्दाम सुरू केलेली आभासीकरणाची सोयही पुन्हा बंद झालेली आढळू शकते. तिन्ही यंत्रांच्या सामायिक साठवणुकीसाठी सेफ (Ceph) ही प्रणाली वापरायची असेल तर तिच्या मॉनिटरांच्या, म्हणजे यंत्रांवर देखरेख ठेवणाऱ्या प्रोग्रामांच्या, घड्याळांत सेकंदाच्या विसाव्या भागाहून अधिक फरक पडताच इशारे सुरू होतात, म्हणून तिन्ही यंत्रांची वेळ एनटीपीने (नेटवर्कवरून घड्याळे जुळवणाऱ्या सोयीने) जुळवणे हे पहिल्या दिवसाचे काम आहे. प्रत्येक यंत्रात दुसरे नेटवर्क कार्ड बसवावे व व्हीलॅन, म्हणजे एकाच स्विचवर एकमेकांपासून वेगळी नेटवर्क, करता येणारा स्विच घ्यावा. अन्यथा एखाद्या विद्यार्थ्याने प्रयोग म्हणून सुरू केलेला डीएचसीपी (संगणकांना नेटवर्कवरील पत्ते देणारा) सर्व्हर कार्यालयातील संगणकांनाही असे पत्ते वाटू लागतो आणि ऐन प्रवेशाच्या दिवसांत फी-खिडकी ठप्प होते. यूपीएस तर हवाच.

खरी अडचण रॅमची आहे, आणि ती तांत्रिक नाही. ओपनस्टॅक ही क्लाउड उभारण्याची मुक्त प्रणाली शिकवायची म्हटली तर आठ जीबी रॅम असलेले यंत्र लगेच दमते. शेजारच्याच भंगारातील संगणकांत चालू स्थितीतली रॅम असते. पण डेडस्टॉक नोंदवहीत (संस्थेच्या टिकाऊ वस्तूंच्या नोंदवहीत) संगणक हा एकच नग असल्याने त्यातला सुटा भाग काढला की लेखापरीक्षणात आक्षेप येईल, या भीतीने कोणी त्याला हात लावत नाही. निर्लेखन समितीने सुटे भाग प्रयोगशाळेकडे वर्ग केल्याची नोंद मूळ प्रस्तावातच घेतली, तर हा प्रश्न एका परिच्छेदात सुटतो. त्याच प्रस्तावात जुन्या हार्डडिस्क पुसल्याचा दाखलाही जोडावा, कारण त्यांवर विद्यार्थ्यांचे गुण आणि पत्ते तसेच पडून असतात.

नव्या शैक्षणिक वर्षाच्या खरेदीपूर्वी तंत्रशिक्षण विभागाने अशा नोंदीचा नमुना सर्व संस्थांना पाठवावा, अशी आपल्या वृत्तपत्रामार्फत विनंती आहे.

आपला,
एक प्रयोगशाळा सहायक, मिरज